वर्गवारीच्या आधी शिल्लक जुळवा

इंदूरच्या सियागंजात किंवा सीतलामाता बाजारात दुकान असेल, तर मार्च संपला की सीए बँकेचं स्टेटमेंट मागणारच. पीडीएफमधून नोंदी काढून देणारी सॉफ्टवेअरं पुष्कळ आहेत. त्यातलं टॅब्युला फुकट आहे आणि आपल्याच कॉम्प्युटरवर चालतं, खात्याची माहिती कुठे अपलोड करावी लागत नाही. स्कॅन केलेल्या पानांपुढे मात्र ते हात टेकतं. तेव्हा नेटबँकिंगमधून उतरवलेली पीडीएफच घ्या.

नोंदी एक्सेलमध्ये आल्या की लगेच वर्गवारीला बसू नका. शेजारच्या रिकाम्या कॉलममध्ये सूत्र टाका: वरच्या ओळीतली शिल्लक, वजा काढलेली रक्कम, अधिक जमा. उत्तर त्या ओळीच्या छापील शिलकेशी ताडून पाहा. फरक रकमेच्या बरोबर दुप्पट आला, तर नावे-जमा उलटंपालटं झालंय. वेगळाच आकडा आला, तर बहुधा मधली एखादी ओळ गळली आहे. पान बदलतं तिथे आधी शोधा. लांबलचक यूपीआय तपशील दोन ओळींत तुटला असेल, तर त्या जोडून घ्या.

मग वर्गवारी. स्वतःच्याच एका खात्यातून दुसऱ्यात फिरवलेले पैसे आपोआप वर्गवारी करणारं सॉफ्टवेअर सर्रास ‘विक्री’ किंवा ‘खर्च’ धरतं, त्यांना वेगळा गट द्या. छप्पन दुकानवरचे पोहे कुठल्या सदरात टाकायचे यावर मात्र डोकं शिणवू नका, ‘किरकोळ’ पुरे.