केनियातल्या किसुमूच्या आरोग्य शिबिराला निघण्यापूर्वी

तिकीट काढलं त्याच आठवड्यात पीतज्वराच्या (यलो फीवर) लशीसाठी नंबर लावा. ती सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तिचं प्रमाणपत्र टोचल्यानंतर 10 दिवसांनी लागू होतं. केनियाहून परतताना ते आपल्याच विमानतळावर मागतात. नसेल तर 6 दिवसांपर्यंत विलगीकरण. हिपॅटायटिस बीचे तीन डोस पुरे व्हायला सहा महिने लागतात, म्हणजे उन्हाळ्यातल्या शिबिराची तयारी आदल्या दिवाळीतच सुरू झाली पाहिजे. डॉक्टर आणि नर्स असाल तर तिथला तात्पुरता परवाना हातात हवा. नसेल तर निमूटपणे रांग सांभाळायची.

सामान भरताना एकही कॅरीबॅग नको. केनियात 2017 पासून बंदी आहे, त्यामुळे आईने पिशवीत बांधून दिलेली भाकरवडी डब्यात हलवा. गोळ्या द्यायला कागदी पाकिटं न्या. चार्जरसाठी तीन चपट्या पिनांचा अडॅप्टर.

औषधांच्या बाबतीत मात्र हात आखडता घ्या. कपाटात उरलेल्या स्ट्रिप्स, औषध कंपनीच्या एमआरने दिलेली सॅम्पल्स, संपत आलेल्या मुदतीचा माल, यातलं काही न्यायचं नाही. दान केलेल्या औषधाची पोचताना किमान एक वर्ष मुदत शिल्लक असावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शक्य तेवढी खरेदी तिथेच करा. शिबिर तीन दिवसांचं असलं तरी बीपीची गोळी रोजची असते. आपण सुरू करून दिलेली गोळी चौथ्या दिवशी किसुमूतल्या न्यालेंडाच्या वस्तीतल्या बाईला कुठे आणि केवढ्याला मिळणार, हे ठाऊक नसेल तर ती सुरूच करू नका. जवळच्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सशी आधी बोला, केस पेपरची एक प्रत तिच्याकडे राहू द्या.

वजनकाटा विसरू नका. मलेरियावरच्या आर्टेमेथर-लुमेफँट्रिन या गोळीचा डोस पेशंटच्या वजनावर ठरतो, आणि ती दुधाबरोबर किंवा काही स्निग्ध खाऊन घेतली तर नीट लागू पडते. मुलांच्या दंडाचा घेर मोजायची पट्टीही घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर कुपोषण गंभीर आहे.

आता भाषा. घरी लुओ बोलतात, पण स्वाहिली बहुतेकांना कळते. औषधाला स्वाहिलीत ‘दावा’ म्हणतात, म्हणजे आपल्या दवाखान्यातली दवाच. घोटाळा होतो तो घड्याळाचा. स्वाहिली दिवस सूर्योदयापासून मोजतात, म्हणून सकाळचे आठ म्हणजे ‘साआ म्बिली’, शब्दशः दोन वाजता. दुभाष्याने ‘आठ’चं ‘साआ नाने’ केलं की गोळी दुपारी दोनला पोटात. पाकिटावर आकडे लिहिण्यापेक्षा सूर्य आणि चंद्र काढा, चित्रकला कितीही वाईट असो.

सुई टोचली गेल्यास एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं 72 तासांच्या आत, खरं तर जितक्या लवकर तितकं बरं. ती कुठे मिळतील हे पहिला पेशंट तपासण्याआधी विचारून ठेवा. संध्याकाळी व्हिक्टोरिया सरोवर कितीही खुणावो, पाय बुडवायचे नाहीत, त्यात बिलहार्झिया असतो, म्हणजे पाण्यातून कातडीवाटे शरीरात शिरणाऱ्या कृमींचा आजार.

मलेरिया टाळायला डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली असेल तर ती घरी परतल्यावरही चार आठवडे चालू ठेवायची. पुढच्या काही महिन्यांत ताप आलाच, तर फॅमिली डॉक्टरांना आधी सांगा, ‘केनियाला जाऊन आलोय.’