कुडाळ ते रत्नागिरी: जाताना पॅसेंजर, येताना मांडवी

'हेरिटेज' गाडी म्हटली की नेरळ-माथेरानची 1907 पासूनची छोटी गाडी आठवते. कोकण रेल्वेला तेवढं वय नाही. पूर्ण मार्ग सुरू झाला 26 जानेवारी 1998 ला. तरी आगगाडीत बसण्याची जुनी गंमत इथे शिल्लक आहे, कारण मार्ग बहुतांशी एकेरी आहे. समोरून गाडी येत असली की एकीला स्टेशनात थांबावंच लागतं.

पहिलं काम वेळापत्रक बघण्याचं. सावंतवाडीहून दिव्याला जाणारी पॅसेंजर सकाळी कुडाळला येते. तिने रत्नागिरी गाठायची आणि दुपारी मुंबईहून येणाऱ्या मांडवी एक्सप्रेसने परतायचं. पावसाळ्यात गाड्या सावकाश धावतात, वेळा बदलतात, म्हणून ही जोडी त्या तारखेला जमते का ते नीट बघा. गणपती, शिमगा आणि मे महिना सोडाच. तेव्हा मुंबईकर चाकरमान्यांच्या पिशव्यांवर बसून प्रवास होतो. मला विचाराल तर नोव्हेंबर: भात कापून झालेलं असतं आणि उन्हाचा चटका कमी.

पॅसेंजरचं जनरल तिकीट खिडकीवर मिळतं. मांडवीचं आरक्षण मात्र आधी करा, ते 60 दिवस अगोदर उघडतं.

डब्यात घावणे आणि बटाट्याची सुकी भाजी घ्या. सोलकढी नको, नारळाचं दूध उन्हात टिकत नाही. आमसुलाचं सरबत बाटलीत चालतं. येतानासाठी काही बांधू नका, मांडवीतलं खाणं प्रसिद्ध आहे. वडे आले की लगेच घ्या, पुढच्या डब्यात जाईपर्यंत संपतात.

खिडकी मिळाली की समुद्राची वाट बघू नका. रूळ बराच आतून जातात. बघायचं ते जांभ्या दगडात कापलेल्या उभ्या भिंती, बोगदे (सगळ्या मार्गावर 90 हून अधिक आहेत) आणि सिंधुदुर्गनगरी, कणकवली, वैभववाडी अशी एकामागून एक स्टेशनं. नावात 'रोड' असेल तर समजा गाव लांब आहे. राजापूर रोडला उतरून राजापूर शोधणारे पाहुणे मी पाहिलेत.

मग कुठेतरी गाडी थांबते. "कित्याक थांबली?" "क्रॉसिंग आसा." पंखा घरघरत असतो, बाहेर काजूच्या बागेत पक्षी ओरडतात, कोणीतरी फलाटावर उतरून आळस देतो. नशीब चांगलं असेल तर समोरून रो-रो जाते: मालगाडीच्या उघड्या वॅगनवर एकामागून एक ट्रक. 1999 पासून ही सेवा चालते आणि ट्रकवाले त्याच गाडीने प्रवास करतात. मोबाईल काढण्याआधी दोन मिनिटं नुसतं बघा. इथे वैतागणाऱ्याने सरळ एसटी पकडावी.

निवसर गेलं की सावध बसा. रत्नागिरीच्या आधी पानवलचा पूल येतो: 424 मीटर लांब, दरीतळापासून 64 मीटर उंच. याचा वरचा भाग दरीच्या टोकाशी तुकड्यातुकड्याने ओतून खांबांवरून पुढे ढकलत नेला. पूल खिडकीतूनच बघा, दारात उभं राहू नका. खाली झाडांचे शेंडे दिसतात आणि क्षणभर रूळ आहेत की नाहीत तेच कळत नाही.

रत्नागिरी स्टेशन शहराबाहेर आहे, त्यामुळे मध्ये उरलेल्या वेळात थिबा पॅलेस वगैरे बेत आखू नका. चहा घ्या, पाय मोकळे करा. पॅसेंजर उशिरा आली तर हीच वेळ आधी खाल्ली जाते.

परतीला पानवल पुन्हा लागतो, तेव्हा दुसऱ्या बाजूला बसा. कुडाळला उतरल्यावर रेंगाळू नका: गाडी गेली की बाहेरच्या रिक्षा पाच मिनिटांत संपतात.