कृत्रिम गवत अंथरताय? या चुका टाळा

रोल उलगडला, कडा कापल्या की अंगण हिरवं झालं, अशा समजुतीत बरेच जण हे काम एका दिवसात उरकतात. पहिले काही आठवडे ते छान दिसतंही. मग जोराचा पाऊस येतो आणि मधोमध डबकं साचतं, चालताना एका जागी पाय खचतो, दोन पट्ट्यांमधली रेघ लांबूनही डोळ्यात भरते. तेव्हा सगळे गवताला नावं ठेवतात. पण चूक बहुतेक वेळा गवताच्या खाली झालेली असते आणि ती सुधारायची तर वरचं सगळं उचलावं लागतं. म्हणून खालच्या कामाबद्दल मी जरा सविस्तर सांगणार आहे.

जुनं गवत नुसतं छाटून त्यावर नवं अंथरू नका. मुळं कुजतात, माती बसते आणि वर खळगे पडतात. मुळांसकट सगळं काढून साधारण 75 ते 100 मिलिमीटर खणा. चिकण माती असेल तर आणखी थोडं, कारण ती भिजली की फुगते आणि वाळली की आकसते. खणलेल्या जागी जिओटेक्स्टाईल कापड घाला. त्याने माती आणि खडी एकमेकांत मिसळत नाहीत आणि पाणीही झिरपतं. काही जण तण येऊ नये म्हणून कापडाऐवजी प्लॅस्टिकचा कागद घालतात. मग पावसाच्या पाण्याला जायला वाटच उरत नाही.

कापडावर 50 ते 75 मिलिमीटर फोडलेली खडी आणि तिच्यावर 20 ते 25 मिलिमीटर बारीक कच, म्हणजे दगडाचा चुरा, टाका. खडी कोनदार हवी. गोल गोटे कितीही दाबले तरी एकमेकांवरून सरकतात, कोनदार दगड मात्र एकमेकांत अडकून बसतात. कच मिळत नाही म्हणून त्या जागी जाड वाळूचा थर देऊ नका. वाळू पाण्याबरोबर सरकते आणि मुंग्या ती उकरतात. प्रत्येक थर किंचित ओला करून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबा. हे यंत्र भाड्याने मिळतं. पायाने तुडवून किंवा फळी आपटून ते काम होत नाही. शेवटी टाच रोवून गोल फिरवून बघा. खळगा पडला तर अजून दाबायला हवं.

आणि उतार! पाणसळ लावून अगदी सपाट केलेलं अंगण ही मेहनतीने केलेली चूक आहे. घराच्या भिंतीपासून बाहेरच्या बाजूला, दर मीटरला एक ते दोन सेंटिमीटर ढाळ ठेवा. डोळ्यांना तो जाणवत नाही, पाण्याला मात्र बरोबर जाणवतो.

काँक्रीटवर अंथरणार असाल तर आधी दोन बादल्या पाणी ओता आणि थोडा वेळ थांबा. जिथे डबकं उरेल तिथे काँक्रीटला आरपार भोकं पाडून त्यांत बारीक खडी भरा किंवा गवताखाली निचऱ्याची जाळीदार मॅट घाला. गवताच्या पाठीला भोकं असतात, पण त्यांतून उतरलेल्या पाण्याला पुढेही रस्ता लागतोच.

आता गवताकडे येऊ. रोल बहुधा 2 किंवा 4 मीटर रुंदीचे असतात. कमीत कमी सांधे येतील असं मोजून घ्या आणि अंथरण्याआधी रोल काही तास उलगडून ठेवा. गुंडाळीच्या वळ्या आपोआप बसतात. थंडीत जास्त वेळ लागतो. घाईत चिकटवलेल्या वळ्या पुढे जात नाहीत.

मखमलीवर हात फिरवला की एका बाजूने ती गडद दिसते, दुसऱ्या बाजूने फिकट. गवताच्या लवेचंही तसंच आहे. सगळ्या पट्ट्यांची लव एकाच दिशेला हवी. शक्यतो ती घराकडे, म्हणजे जिथून आपण जास्त बघतो तिकडे झुकलेली असावी. माझ्या अंगणात एक पट्टा उलटा लागला होता. भर दुपारी तो कळला नाही, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात लख्ख दिसला. तोवर गोंद वाळला होता.

सांध्याची रेघ दिसत असेल तर नेमकं काय दिसतंय ते आधी ओळखा. दोन्ही बाजूंची छटा वेगळी असेल तर दिशा चुकली आहे. उंचवटा असेल तर कडा एकमेकींवर चढल्या आहेत. फट असेल तर त्या लांब राहिल्या आहेत. पाती पाठीला टाके घालून ओळींनी शिवलेली असतात. दोन कडांमधलं अंतर त्या टाक्यांच्या दोन ओळींमधल्या अंतराएवढंच हवं. त्यासाठी कारखान्यातून आलेली कड तशीच न ठेवता, गवत उलटं करून पाठीमागून टाक्यांच्या ओळींमधून कापा. आधी गोंद न लावता मांडून बघा. मग खाली सांध्याची पट्टी ठेवून गोंद लावा, पाती गोंदात अडकली असतील तर बोटांनी सोडवा आणि गोंद वाळेपर्यंत वजन ठेवा. ओल्या पाठीवर गोंद नीट धरत नाही.

कडेला दर 15 ते 20 सेंटिमीटरवर खिळे मारा, पण पाती बाजूला सारून. खिळा फार खोल गेला तर तिथे वाटीसारखा खड्डा दिसतो. भिंतीपाशी बोटभरापेक्षा कमी, जेमतेम पाच मिलिमीटर जागा सोडा, कारण उन्हात गवत फुगतं.

शेवटी पात्यांच्या मध्ये वाळू भरायचा सगळ्यांना कंटाळा येतो. पण तिच्यामुळेच पाती उभी राहतात आणि गवत वजनाने जागेवर बसतं. कोरडी, धुतलेली सिलिका वाळू थोडी थोडी टाका आणि प्रत्येक वेळी लवेच्या उलट दिशेने कडक ब्रशने झाडा. समुद्राची वाळू नको, तिच्यात मीठ असतं. घरात कुत्रा असेल तर वाळूऐवजी झिओलाइट नावाच्या खनिजाचे दाणे भरा. ते लघवीतला अमोनिया धरून ठेवतं. तरी अधूनमधून भरपूर पाण्याने धुवावंच लागतं. धुऊनही वास राहिला तर खाली पाणी तुंबतंय का ते तपासा.

उन्हाचा विचार खरं तर गवत विकत घेण्याआधीच करायला हवा. भर उन्हात कृत्रिम गवत खऱ्या गवतापेक्षा कितीतरी जास्त तापतं. पाणी मारल्याचा गारवा थोडाच वेळ टिकतो. लहान मुलं अनवाणी खेळणार असतील तर सावलीची सोय आधी करा. गवतावर एखादाच पट्टा चकचकीत, चपटा झालेला दिसला आणि ब्रशने उठत नसेल तर समोरच्या खिडकीकडे बघा. काही काचांवरून परतलेलं ऊन एका जागी एकवटतं आणि पाती वितळवतं. खिडकीला बाहेरून जाळी लावल्याशिवाय नवा तुकडा लावू नका, तोही वितळेल.

झाडाच्या बुंध्याभोवतीची जागा मात्र उघडीच ठेवा, मुळांना हवा आणि पाणी लागतं. कापून उरलेले तुकडे टाकू नका. पुढच्या खेपेला आलेल्या मालाचा रंग हुबेहूब जुळेलच असं नाही. तुकडे ठेवताना पाठीवर लवेच्या दिशेचा बाण काढून ठेवा.