जुन्या कमोडची टाकी: मूळ सुटे भाग मिळत नसतील तेव्हा

कंपनीने सुटे भाग बनवणे बंद केले, एवढ्याच कारणासाठी धडधाकट कमोड फोडून काढण्याची गरज बहुधा नसते. झिजतात ते टाकीतील रबराचे आणि प्लास्टिकचे भाग, आणि ते नाव पाहून नव्हे, तर माप पाहून बदलता येतात.

पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून (जादा पाणी भांड्यात सोडणारी टाकीतील उभी नळी) सतत वाहत असेल, तर दोष बहुधा बॉलकॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणाऱ्या तरंगत्या गोळ्याच्या झडपेचा असतो. तसे नसेल, तर टाकीत खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला, तर तळाची झडप गळते आहे.

स्टॉपकॉक (टाकीला येणारे पाणी बंद करणारा नळ) बंद करून टाकी रिकामी करावी आणि तळाच्या छिद्राचा व्यास (बहुधा 2 किंवा 3 इंच), ओव्हरफ्लो नळीची उंची व टाकीची आतील खोली मोजावी. जुना भाग सोबत नेणे सर्वांत उत्तम, मग तो कितीही कळकट असो. तळाच्या झडपेचे नुसते रबर बदलायचे असेल, तर ते जेथे टेकते त्या कडेवरून आधी बोट फिरवावे. क्षारांचा खरखरीत थर तसाच राहिला, तर नवे रबरही गळते, म्हणून तो बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून काढावा.

टाकीचे बोल्ट आळीपाळीने, थोडेथोडे आवळावेत, कारण जास्त जोर लावल्यास चिनी माती तडकते. पाण्याची पातळी ओव्हरफ्लोच्या तोंडाखाली सुमारे 1 इंच ठेवावी. टाकीलाच तडा गेला असेल, तर मात्र चिकटपट्ट्यांच्या नादी न लागता भिंतीवरची स्वतंत्र टाकी बसवता येईल का, ते पाहावे.