टीमचं पेज चालवताय? मग आधी हे करा

मॅच संपली की स्कोअरकार्डचा फोटो टाकून मोकळं होऊ नका, स्कोअर काय लोकांना कुठेही मिळतो. मुंबई इंडियन्सचं पेज बघा, ते फॅन्सना नुसतं फॅन्स म्हणत नाहीत, ‘पलटन’ म्हणतात, त्या एका शब्दाने माणूस टीमचाच होऊन जातो. तुमच्या लोकांनापण असं एक नाव द्या आणि दर पोस्टला तेच वापरा.

मग ड्रेसिंग रूम दाखवा. मॅचनंतरचं कोचचं बोलणं, गुडघ्याला पट्टी बांधत बसलेला कबड्डीतला रेडर म्हणजे चढाई करणारा खेळाडू, हे टीव्हीवर फारसं दिसत नाही आणि लोकांना नेमकं तेच हवं असतं, मोबाईल उभा धरा, ३० सेकंद पुरे. आणि खेळाडूला त्याच्या बोलीत बोलू द्या प्लीज! १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ हरवून प्रो कबड्डी जिंकली तेव्हा कॅप्टन होता नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, असा आपल्याकडचा पोरगा मराठीत बोलला की अख्खं गाव शेअर करतं.

हरलात तरी पोस्ट टाकाच, कमेंट्स बंद करू नका, शिव्या सोडून बाकीच्यांना त्याच रात्री उत्तर द्या.