जुन्या बोलपटांतील चरित्र अभिनेत्याची कारकीर्द कशी अभ्यासावी

चित्रपटांच्या बहुतेक याद्या नायक-नायिकांच्या नावांभोवती रचलेल्या असतात. त्यामुळे ज्याने बाप, गुरू, वकील, पाटील अशा भूमिकांत आयुष्य घालवले, त्या नटाचा माग निराळ्या पद्धतीने काढावा लागतो. येथे केशवराव दाते यांचे उदाहरण घेतले आहे.

सुरुवात रंगभूमीपासून करावी. १८८९ साली जन्मलेले केशवराव १९३४ मध्ये प्रभात या चित्रपट कंपनीच्या ‘अमृतमंथन’मधून पडद्यावर गाजले, तेव्हा त्यांच्या गाठीशी ‘महाराष्ट्र नाटक मंडळी’तला दीर्घ अनुभव होता आणि तरुणपणी त्यांनी स्त्रीभूमिकाही केल्या होत्या. हा पूर्वभाग वगळला, तर पंचेचाळिशीतला एक नट पहिल्याच मोठ्या भूमिकेत इतका मुरलेला कसा, याचा उलगडा होत नाही.

त्यानंतर प्रत्येक चित्रपटाच्या भाषानिहाय आवृत्त्या वेगळ्या काढाव्यात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचे काम हेच आहे, आणि घाई होते तीही येथेच. प्रभात एकच कथा मराठीत आणि हिंदीत स्वतंत्रपणे चित्रित करीत असे व पात्रयोजना पुष्कळदा बदलत असे. ‘अमृतमंथन’चा राजगुरू म्हटले की अनेकांना चंद्रमोहन आठवतात, ते हिंदीतले, मराठीतला राजगुरू केशवरावांचा आहे. १९४१ च्या ‘शेजारी’त गजानन जागीरदारांच्या मिर्झासमोर जिवबा पाटील म्हणून केशवराव उभे राहतात, तर हिंदी ‘पडोसी’त जागीरदारांसमोर मझहर खान आहेत. याउलट १९३७ च्या ‘कुंकू’त आणि त्याच्या ‘दुनिया न माने’ या हिंदी आवृत्तीत, दोन्हीकडे, काकासाहेब केशवरावच आहेत. म्हणून वहीत मराठी आणि हिंदी असे दोन रकाने आखून प्रत्येक भूमिका तपासूनच भरावी.

मग एक भूमिका निवडून ती सावकाश पाहावी. त्यासाठी ‘कुंकू’सारखा चित्रपट नाही. त्यात पार्श्वसंगीत जवळजवळ नाही. गाणी सोडली, तर भिंतीवरच्या जुन्या घड्याळासारखे प्रसंगातलेच आवाज आणि माणसांचे बोलणे कानावर येते. साहजिकच तरुण नीरेशी लग्न करून बसलेल्या काकासाहेब या वृद्ध वकिलाचा अधिकाराचा सूर हळूहळू कसा खचत जातो, हे नुसत्या आवाजावरून टिपता येते. एकदा डोळे मिटून ऐकावे आणि मगच चेहरा पाहावा. खलपुरुष होऊ शकणाऱ्या माणसाविषयी करुणा वाटायला लावणे ही केशवरावांची खरी कमाई आहे.

उत्तरकाळही सोडू नये. १९५५ च्या ‘झनक झनक पायल बाजे’मधील त्यांचा नृत्यगुरू बाप-गुरूंच्या त्याच परंपरेतला आहे.

पडताळणीसाठी मूळ श्रेयनामावली आणि त्या काळी चित्रपटगृहात विकल्या गेलेल्या गाण्यांच्या पुस्तिका पाहाव्यात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून असे साहित्य जपत आले आहे. जी आवृत्ती प्रत्यक्ष पाहायला मिळाली नाही, तिच्या रकान्यात पुस्तिकेतले नाव तेवढे लिहावे आणि अभिनयाविषयीच्या मताची जागा कोरी ठेवावी.