ऑनलाइन लिलावात क्रेडिट कार्डाचे शुल्क कोणाच्या माथी? या चुका टाळा

जळगावात बसून मी जुनी मनगटी घड्याळे ऑनलाइन लिलावात विकतो. सुरुवातीच्या काळात चावीच्या एका घड्याळाची बोली ८,४०० रुपयांना सुटली. कुरिअरचे १५० धरून ८,५५० रुपये येणे होते. घेणाऱ्याने क्रेडिट कार्डाने पैसे भरण्याची तयारी दाखवली, तेव्हा मी हिशोब मांडला. पेमेंट गेटवेचे, म्हणजे कार्डाचे पैसे आपल्या खात्यात पोचवणाऱ्या कंपनीचे, दोन टक्के आणि त्या दोन टक्क्यांवर अठरा टक्के जीएसटी मिळून २.३६ टक्के, म्हणजे २०२ रुपये होत होते. तेवढे वर पाठवावेत असा संदेश मी त्यांना केला आणि त्यांचे उत्तर लगेच आले: “भाऊ, बोली ८,४०० ला सुटली. हे दोनशे दोन रुपये मधूनच कुठून आले?”

माझ्याकडे याचे उत्तर नव्हते, कारण लिलावाच्या वर्णनात मी घड्याळाचा पट्टा, काच, डायलवरचा डाग असे सगळे लिहिले होते, मात्र कार्डाच्या आकाराबद्दल, म्हणजे या शुल्काबद्दल, एक अक्षरही लिहिले नव्हते. या विषयातली सर्वांत मोठी चूक हीच आहे. आकार विक्रेत्याने सोसावा की घेणाऱ्याने, हा वाद पुढचा आहे. पहिली बोली लागण्यापूर्वी जो खर्च सांगितला नाही, तो बोली सुटल्यावर मागता येत नाही.

खानदेशातल्या माणसाला हा मुद्दा बाजार समितीच्या ओट्यावरून चटकन कळेल. नंदुरबारला मिरचीचा लिलाव असो की धुळ्याला भाजीपाल्याचा, अडत (अडत्याची दलाली), हमाली, तोलाई कोणाच्या पट्टीतून (हिशोबाच्या पावतीतून) कापली जाणार हे बोली पुकारण्याआधी सगळ्यांना ठाऊक असते. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा निर्णय लागू केला, तेव्हा अनेक बाजार समित्यांतील व्यापाऱ्यांनी व्यवहार बंद ठेवले होते. भांडण कडाक्याचे झाले, तरी ते नियमावर झाले. सौदा तुटल्यानंतर एखाद्याने खिशातून नवा नियम काढला, म्हणून ते झाले नव्हते.

आता प्रत्यक्ष भार कोणावर पडतो ते पाहू, कारण इथे पुष्कळांची समजूत चुकते. समजा, एका घड्याळासाठी सगळे मिळून ८,६०० रुपये द्यायची एखाद्याची तयारी आहे आणि २.३६ टक्के आकार आपल्याला वर द्यावा लागेल हे त्याला आधीच माहीत आहे. असा माणूस ८,४०० च्या आसपास हात आखडता घेतो. आकार कागदोपत्री घेणाऱ्याच्या नावावर दिसतो, पण तेवढीच बोली खाली आल्यामुळे तो विक्रेत्याच्याच पदरी पडतो. म्हणून ‘आकार घेणाऱ्यावर टाकला, आपण सुटलो’ असे मानणारा विक्रेता स्वतःचीच समजूत घालत असतो. किमान किंमत वाढवून ठेवली की आकार वसूल होतो, हाही तसाच भ्रम आहे. बोली लावणारा एकच असेल तर किमान किंमत कामाला येते, पण चार जण चढाओढ करू लागले की शेवटचा आकडा तेच ठरवतात.

माझे मत असे आहे की ज्या लिलावात कार्ड हाच पैसे भरण्याचा एकमेव मार्ग आहे, तिथे आकार विक्रेत्यानेच सोसावा, कारण तो दुकानाच्या भाड्यासारखा धंद्याचा खर्च आहे. बिनखर्चाचा मार्ग समोर असूनही एखाद्याने स्वतःच्या सोयीसाठी, बिलाची तारीख महिनाभर पुढे जावी किंवा रिवॉर्ड पॉइंट मिळावेत म्हणून कार्ड निवडले, तर गोष्ट थोडी वेगळी होते. तिथे आकार त्याच्याकडून घेण्यात मला अन्याय दिसत नाही. मात्र गेटवेच्या करारात त्याला मुभा असली पाहिजे आणि वर्णनात तो ठळकपणे लिहिलेला असला पाहिजे.

बिनखर्चाचे मार्ग आज आहेत, हे विसरणे ही पुढची चूक होय. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून केलेले यूपीआय व्यवहार आणि रुपे डेबिट कार्ड यांवर व्यापाऱ्याकडून एमडीआर, म्हणजे कार्ड स्वीकारण्याबद्दल कापला जाणारा आकार, घेतला जात नाही. त्याच तारखेपासून बचत खातेदाराला ऑनलाइन एनईएफटीसाठीही शुल्क पडत नाही. बँकांच्या जप्त मालमत्तांच्या ई-लिलावात अनामत आणि उर्वरित रक्कम एनईएफटी-आरटीजीएसने भरली जाते, त्यामुळे तिथे हा वादच सहसा उद्भवत नाही.

क्रेडिट आणि डेबिट कार्डाला एकच नियम लावणे ही तर फारच सर्रास दिसणारी चूक आहे. डेबिट कार्डाच्या एमडीआरला रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातली आहे: जानेवारी २०१८ पासून ऑनलाइन व्यवहारात २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यापाऱ्यासाठी ०.४० टक्के व प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त २०० रुपये, आणि इतरांसाठी ०.९० टक्के व जास्तीत जास्त १,००० रुपये. डेबिट कार्डाचा हा आकार व्यापाऱ्याने ग्राहकावर ढकलू नये, याची जबाबदारीही बँकांवर टाकलेली आहे. क्रेडिट कार्डावर अशी मर्यादा नाही. तिथला दर करारावर ठरतो. त्यामुळे ‘कार्डावर दोन टक्के जादा’ अशी सरसकट पाटी लावणारा विक्रेता डेबिट कार्डवाल्याकडूनही नियमाबाहेर पैसे मागत असतो. सराफ्यात ही अट इतक्या वेळा तोंडी ऐकायला मिळते की ती बेकायदा असू शकते हे कोणाच्या मनातही येत नाही.

आकार सांगून घ्यायचा ठरला, तरी हिशोबात घसरगुंडी होते. १०,००० रुपये पूर्ण हातात यावेत म्हणून बहुतेक जण २३६ मिळवून १०,२३६ मागतात. पण गेटवे टक्केवारी मूळ रकमेवर न कापता आलेल्या पूर्ण रकमेवर कापतो. १०,२३६ वर २४१ रुपये ५७ पैसे जातात आणि हातात ९,९९४ रुपये ४३ पैसे उरतात. १०,००० पूर्ण हवे असतील तर त्यांना ०.९७६४ ने (१०० टक्क्यांतून २.३६ वजा करून उरलेल्या ९७.६४ टक्क्यांनी) भागावे लागते आणि मागायची रक्कम १०,२४१ रुपये ७० पैसे येते. टक्केवारी कुरिअरच्या पैशांवरही लागते. ती फक्त बोलीवर धरणाऱ्याला दर पार्सलमागे तीन-चार रुपयांचा खड्डा पडतो आणि तो बरेच दिवस लक्षातही येत नाही.

यावर काही जण पळवाट काढतात आणि १५० च्या कुरिअरचे ३५० लावतात. पार्सलवर चिकटवलेल्या पावतीवर खरा आकडा छापलेला असतो आणि तो घेणारा वाचतो. ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे नियमितपणे विकणाऱ्याने एकूण किंमत तिच्या फोडीसह दाखवायची असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या मांडणीविरुद्ध काढलेल्या मार्गदर्शक सूचनांत, आधी कमी किंमत दाखवून शेवटी आकार जोडत जाण्याच्या प्रकाराचा स्पष्ट समावेश आहे. जीएसटी नोंदणी असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे: घेणाऱ्याकडून वसूल केलेला कार्डाचा आकार हा जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे मालाच्या करपात्र मूल्यात धरला जातो, त्यामुळे त्यावर कर न लावता तो ‘इतर’ म्हणून बिलाच्या तळाशी टाकता येत नाही. उलट गेटवेने लावलेल्या जीएसटीचे क्रेडिट, म्हणजे स्वतः भरायच्या करातून तेवढी वजावट, त्यांना घेता येते, म्हणजे त्यांचा खरा खर्च २.३६ नसून दोन टक्केच असतो.

परदेशी घेणारा असेल तर तिकडचे नियम पाहावेत. ब्रिटनमध्ये १३ जानेवारी २०१८ पासून व्यक्तिगत कार्डावर जादा आकार घेण्यास मनाई आहे.

चूक होऊन गेली असेल, तर न सांगितलेली मागणी सरळ मागे घ्यावी आणि ठरलेल्या रकमेत माल पाठवावा. जादा पैसे आले असतील तर तेवढे परत करावेत. माल परत आला तर अधिक सांभाळावे लागते. बहुतेक गेटवे कापलेला आकार परत देत नाहीत, आणि विक्रेता तो वजा करून परतावा पाठवतो. मग घेणारा बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे कार्डाने भरलेली रक्कम उलटी फिरवून, मागतो आणि पूर्ण रक्कम खात्यातून ओढली जाते. परतावा ज्या कार्डावरून पैसे आले त्याच कार्डावर करावा. ‘लवकर पोचतील’ म्हणून यूपीआयने पैसे परत पाठवले आणि तिकडे कार्डाची तक्रारही चालू राहिली, तर दोन्हीकडून पैसे जाण्याची वेळ येते. घेणाऱ्याने स्वतः दुसरा मार्ग मागितला असेल, तर त्याची लेखी संमती घेऊन ठेवावी.

त्या घड्याळाचे २०२ रुपये मीच सोसले आणि पार्सल दुसऱ्या दिवशी पाठवले. आता माझ्या प्रत्येक लिलावात, घड्याळाच्या फोटोंच्याही वर, हे लिहिलेले असते: “अंतिम बोली अधिक कुरिअरचे १५० रुपये, एवढीच रक्कम द्यायची आहे. यूपीआय, एनईएफटी किंवा कार्ड, कशानेही भरा. वेगळा आकार नाही.”